विश्लेषण : ताडोबाची वाघीण सह्याद्रीत का नेली? राखीव जंगलाचा फायदा कोणाला, किंमत कोणाला?

चंद्रपूर जिल्ह्यात वाघांना जागा अपुरी पडते आहे. सह्याद्रीत जागा आहे, पण वाघीण नव्हती. हा असमतोल दूर करण्यासाठी वन विभागाने ताडोबातील वाघीण चांदोलीत आणून सोडली. या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. राखीव जंगलांवर एवढा खर्च आणि एवढी बंधने कशासाठी, आणि त्यातून वाघाला आणि माणसाला नेमके काय मिळते?

नेमके काय घडले?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील ‘टी२०-एस२’ या वाघिणीला नोव्हेंबर २०२५ मध्ये बेशुद्ध करून पकडण्यात आले. तिला रेडिओ कॉलर लावून महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडून पश्चिमेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातील चांदोलीत आणले गेले. नव्या परिसराची सवय व्हावी म्हणून तिला आधी कुंपण घातलेल्या जागेत ठेवले आणि मग जंगलात मोकळे सोडले. या मोहिमेला ‘ऑपरेशन तारा’ असे नाव आहे. तीन नर आणि पाच माद्या असे एकूण आठ वाघ टप्प्याटप्प्याने सह्याद्रीत आणण्यास केंद्राची मंजुरी आहे. वाघीण येण्यापूर्वी सह्याद्रीत तीन वाघांची नोंद झाली होती आणि ते तिन्ही नर होते.

ताडोबात वाघ जास्त झाले म्हणजे काय?

देशातील वाघांची संख्या २००६ मध्ये १,४११ इतकी खाली आली होती. २०२२ च्या गणनेत ती ३,६८२ असल्याचा अंदाज आहे. याच काळात महाराष्ट्राचा आलेखही चढता राहिला. राज्यात २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघ होते. त्यापैकी ९७ एकट्या ताडोबात होते.

वाघ हद्द आखून राहणारा प्राणी आहे. भक्ष्य भरपूर असेल तर एका वाघिणीला २० चौरस किलोमीटरच्या आसपासचे जंगल पुरते. नराला त्याहून बरेच मोठे लागते. दीड-दोन वर्षांची झालेली पिल्ले आईपासून वेगळी होतात आणि स्वतःची हद्द शोधू लागतात. जंगलातल्या सगळ्या हद्दी आधीच भरलेल्या असतील तर त्यांना बाहेर पडण्यावाचून पर्याय नसतो. बाहेर शेती, गावे, कोळसा खाणी, महामार्ग आणि रेल्वेमार्ग आहेत. ब्रह्मपुरी वन विभागाच्या बहुतांश जंगलांना अभयारण्याचा दर्जा नाही, तरी तिथे वाघांची वस्ती दाट आहे. ती याच कारणाने.

त्याची किंमत माणसे मोजत आहेत. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला जंगलात गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदू आणि मोहफुलांचा हंगाम एप्रिल-मेमध्ये येतो. पानवठे आटल्याने वाघही त्याच काळात मोजक्या ठिकाणी एकवटलेले असतात. पाने तोडताना माणूस वाकलेला असतो आणि गवतात त्याला पुढचे दिसत नाही. दरवर्षी याच दिवसांत चंद्रपूरमधून अशा बातम्या येतात, त्यामागे हे साधे कारण आहे.

सह्याद्री रिकामा का राहिला?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ६०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा दर्जा दिला, त्यात कोयना आणि चांदोली दोन्ही आहेत. म्हणजे कागदावर संरक्षणाची कमतरता नाही.

तरीही इथे वाघांची वस्ती टिकली नाही. २०२२ च्या देशव्यापी गणनेतही सह्याद्रीत वाघ आढळला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये एका नराचे छायाचित्र आले, तेव्हा कुठे आशा पल्लवित झाली. शिकारीचा जुना इतिहास, भक्ष्याची कमतरता आणि दक्षिणेकडील जंगलांशी तुटत गेलेला संबंध ही या रिकामेपणाची प्रमुख कारणे मानली जातात.

वाघ स्वतःहून येत नाहीत का?

येतात, पण मुख्यतः नर. तरुण नर हद्दीच्या शोधात शेकडो किलोमीटर चालतात. तरुण माद्या बहुधा आईच्या हद्दीला लागूनच बस्तान बसवतात. त्यामुळे गोवा-कर्नाटक सीमेवरून किंवा तिलारी-राधानगरीकडून एखादा नर चांदोलीत पोहोचतो, काही काळ फिरतो आणि जोडीदार न मिळाल्यास पुढे निघून जातो. अंगावरचे पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे एकाच वाघाची दोन ठिकाणची छायाचित्रे जुळवून त्याचा प्रवास कळतो. राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला नर पुढे चांदोलीत दिसल्याचे असेच समजले.

थोडक्यात, रस्ता अजून पूर्ण बंद झालेला नाही. मात्र त्या रस्त्याने मादी येण्याची वाट पाहत बसलो तर किती वर्षे जातील हे सांगता येत नाही. म्हणून स्थानांतराचा निर्णय झाला.

नुसती वाघीण सोडून भागते का?

नाही. एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठे प्राणी लागतात. तृणभक्षींच्या एकूण संख्येपैकी दहावा हिस्सा दरवर्षी गेला तरी संख्या टिकून राहते, असे धरले जाते. म्हणजे एका वाघामागे जंगलात ५०० च्या आसपास गवे, सांबर, भेकरे, रानडुकरे असायला हवीत. सह्याद्रीत आधीचे तीन आणि नवे आठ असे ११ वाघ धरले, तर हा आकडा साडेपाच हजारांवर जातो. गाभा क्षेत्रात त्याची विभागणी केली तर दर चौरस किलोमीटरला नऊ प्राणी होतात. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून अडचण कळते. जंगलात भक्ष्य कमी पडले तर वाघ गोठ्याकडे वळतो.

म्हणूनच सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यातून चितळे चांदोलीत आणून सोडण्यात आली. सागरेश्वर हे उजाड डोंगरावर लोकांच्या प्रयत्नातून उभे राहिलेले छोटे, कुंपणबंद अभयारण्य आहे. तिथे मोठा शिकारी प्राणी नसल्याने हरणे वाढत गेली आणि शेजारच्या शेतकऱ्यांना पिकांची राखण करावी लागू लागली. एका ठिकाणी हरणे जास्त, दुसऱ्या ठिकाणी कमी. ताडोबा आणि सह्याद्रीत वाघांचे जे झाले, तेच इथे हरणांचे झाले. राखीव जंगले एकमेकांपासून तुटलेली असली की हा असमतोल माणसाला ट्रकने सोडवावा लागतो.

देशात असे प्रयोग कुठे झाले?

मध्य प्रदेशातील पन्नामध्ये २००९ पर्यंत सगळे वाघ संपले होते. त्याच वर्षी बाहेरून वाघ आणायला सुरुवात झाली. आणलेला एक नर तर आपल्या मूळ जंगलाच्या दिशेने परत निघाला होता. त्याला शोधून पुन्हा पन्नात आणावे लागले. एप्रिल २०१० मध्ये तिथे पहिली पिल्ले जन्मली आणि आज पन्ना पुन्हा वाघांचे जंगल आहे.

ओडिशातील सातकोसियाचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे २०१८ मध्ये एक नर आणि एक मादी आणली गेली. स्थानिकांचा विरोध सुरुवातीपासूनच होता. काही महिन्यांत नर मृतावस्थेत सापडला. मादीवर माणसे मारल्याचा ठपका आला, तिला पकडून बंदिस्त ठेवावे लागले आणि २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवले गेले. दोन्ही ठिकाणी जंगल होते आणि वाघही मध्य प्रदेशातलेच होते. सातकोसियात मात्र आसपासच्या गावांचा विश्वास मिळवण्याआधीच वाघ आले.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प यांत फरक काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात सर्वांत कडक बंधने असतात. तिथे चराई किंवा खासगी हक्क चालत नाहीत. अभयारण्यात काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. व्याघ्र प्रकल्प ही या दोहोंवर घातलेली आणखी एक चौकट आहे. त्यात गाभा क्षेत्र माणसांच्या वापरापासून मुक्त ठेवायचे आणि भोवतालच्या बफर क्षेत्रात गावे, शेती आणि वन्यजीव यांचा मेळ घालायचा, अशी कल्पना आहे. १९७३ मध्ये देशात नऊ व्याघ्र प्रकल्पांनी सुरुवात झाली, त्यात आपले मेळघाट होते. आता देशात ५८ आणि महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत.

चौथा प्रकार कमी परिचित आहे, तो म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र. सरकारी मालकीच्या जंगलाला हा दर्जा दिला जातो. त्यात लोकांचे आधीचे हक्क काढून घेतले जात नाहीत आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींना स्थान असते. दोन मोठ्या जंगलांमधला दुवा टिकवण्यासाठी हा प्रकार उपयोगी पडतो.

माणसांना या जंगलांतून काय मिळते?

सह्याद्रीच्या बाबतीत पहिले उत्तर पाणी. कोयना धरणाचा शिवसागर आणि वारणा धरणाचा वसंतसागर हे दोन्ही जलाशय या व्याघ्र प्रकल्पातील जंगलांनी वेढलेले आहेत. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, तर वारणेची ३४ टीएमसी आहे. कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प चालतो. उरलेले पाणी कृष्णेच्या खोऱ्यातल्या शेतीला आणि गावांना मिळते. वारणेचे पाणी शिराळा-वाळव्यापासून सांगलीपर्यंत जाते.

पाऊस जंगल नसतानाही पडेलच, पण जंगल त्या पाण्याचे काय करते हे महत्त्वाचे. नवजासारख्या ठिकाणी पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. असा पाऊस उघड्या डोंगरउतारावर पडला तर माती घेऊन थेट धरणात उतरतो. झाडोरा आणि पालापाचोळा असेल तर माती जागेवर राहते, पाण्याचा काही भाग जमिनीत मुरतो आणि ओढे पावसाळ्यानंतरही काही काळ वाहतात. धरणात गाळ कमी आला तर त्याचे आयुष्य वाढते. पुण्या-मुंबईत बसून मोबाइल चार्ज करणाऱ्याचाही या जंगलाशी असा संबंध आहे.

या सेवांचे पैशांत मोल करण्याचा प्रयत्नही झाला आहे. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये कॉर्बेट, कान्हा, काझीरंगा, पेरियार, रणथंबोर आणि सुंदरबन या सहा व्याघ्र प्रकल्पांचा अभ्यास केला. प्रत्येक प्रकल्पातून वर्षाला मिळणाऱ्या लाभांचे मूल्य ८३० कोटी ते १,७६० कोटी रुपयांच्या दरम्यान निघाले. पाणी, माती, कार्बन, जनुकीय वैविध्य, रोजगार असे अनेक घटक त्यात धरले आहेत. यातला मोठा भाग रोख रकमेच्या रूपात कोणाच्याही खात्यात जमा होत नाही, आणि लाभ घेणारे बहुतेक जण जंगलापासून दूर राहतात.

मग किंमत कोण मोजते?

जंगलाला खेटून राहणारी माणसे. सह्याद्रीत हा हिशेब दोन पिढ्यांचा आहे. कोयना धरणाने गेल्या शतकाच्या मध्यात गावे उठवली. नंतर वारणा धरण आणि अभयारण्यामुळे चांदोली परिसरातील गावांना जमिनी सोडाव्या लागल्या. पर्यायी जमीन आणि नागरी सुविधा यांसाठी कोयना प्रकल्पग्रस्तांची आणि चांदोली अभयारण्यग्रस्तांची आंदोलने अनेक दशके चालू राहिली आहेत. ज्या गावांनी घरे सोडली, त्यांच्या पडीक भातखाचरांचे आता गवताळ पट्टे झाले आहेत. गवे आणि सांबर तिथेच चरतात आणि वाघाचे भक्ष्य वाढवण्यासाठी हीच कुरणे सर्वांत मोलाची आहेत. म्हणजे या वाघिणीच्या पुनर्वसनाचा पाया विस्थापितांच्या जमिनीवर उभा आहे. तिचे पुनर्वसन काही दिवसांत झाले, माणसांचे अजून पुरते झालेले नाही, ही तक्रार चुकीची म्हणता येत नाही.

जे मागे राहिले, त्यांच्यासमोर रोजचे प्रश्न आहेत. पाटण, शिराळा, शाहूवाडी भागात गवे आणि रानडुकरे पिकात शिरतात. पंचनामा आणि भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात. त्यात आता वाघाची भर पडणार, ही भीती स्वाभाविक आहे.

ताडोबाने यातून काय मार्ग काढला?

अर्धाच, पण उपयोगी. बफर क्षेत्रात सफारीची प्रवेशद्वारे उघडल्याने गाइड, जिप्सीचालक आणि निवास व्यवस्था यांतून गावांना उत्पन्न मिळू लागले. २०१५ पासूनच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस जोडणी, शेतीला कुंपण अशा गोष्टी दिल्या जातात. घरात गॅस आला की सरपणासाठी पहाटे जंगलात जाणे कमी होते. सीतारामपेठ गावाजवळ कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवून वाघ जवळ आल्याचा इशारा मोबाइलवर देण्याचा प्रयोग झाला. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देते.

या उपायांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पर्यटनाचा पैसा प्रवेशद्वाराजवळच्या मोजक्या गावांत येतो. तेंदूपाने तोडणाऱ्या बाईच्या गावात बहुधा सफारीची जिप्सी जात नाही. कॅमेऱ्याचा इशारा गावाच्या वेशीवर उपयोगी, पण पाने गावापासून दूर जंगलात असतात. त्या दोन महिन्यांच्या मजुरीला पर्याय मिळत नाही, तोवर ती जंगलात जाणारच. सह्याद्रीत तर पर्यटनावर भिस्त ठेवणेच अवघड आहे. ताडोबाच्या मोकळ्या पानगळी जंगलात वाघ सहज दिसतो. इथल्या दाट सदाहरित झाडीत आणि चार महिन्यांच्या मुसळधार पावसात तो क्वचितच दिसेल. त्यामुळे ताडोबाचा नमुना जसाच्या तसा इथे चालणार नाही.

गोव्याचा याच्याशी संबंध काय?

आठ वाघ सोडून वस्ती उभी राहील, पण बाहेरून नवे रक्त आले नाही तर काही पिढ्यांत जवळच्या नात्यात प्रजनन सुरू होईल. म्हणून कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प, गोव्यातील म्हादई, पुढे तिलारी, आंबोली, राधानगरी आणि मग चांदोली-कोयना हा भ्रमणमार्ग टिकणे आवश्यक आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिलारीला आणि त्यानंतर याच पट्ट्यातील आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड अशा जंगलांना संवर्धन राखीव दर्जा दिला. सह्याद्रीसाठी हा निर्णय वाघीण आणण्याइतकाच महत्त्वाचा आहे, जरी त्याची चर्चा फारशी झाली नाही.

गोव्याच्या बाजूला चित्र अनिश्चित आहे. म्हादई अभयारण्य आणि परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. याच म्हादईत जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले होते. गुरे मारल्यानंतर विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले आणि स्थानिकांना अटक झाली. एका गोठ्यातले नुकसान वेळेत भरून न निघणे किती महाग पडू शकते, याचे ते उदाहरण आहे.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायचे?

पहिली कसोटी पिल्लांची. सह्याद्रीत वाघिणीला पिल्ले झाली आणि ती वाढून स्वतःची हद्द आखू लागली, तरच प्रयोग यशस्वी म्हणता येईल. त्याला काही वर्षे लागतील. दुसरी कसोटी गुरांच्या भरपाईची. पहिली गाय किंवा म्हैस मारली गेल्यावर पंचनामा किती तासांत होतो आणि पैसे किती दिवसांत मिळतात, यावर गावांचा सूर ठरेल. तिसरी कसोटी जुन्या देण्याची. कोयना-चांदोलीच्या विस्थापितांची प्रलंबित जमीनवाटपे मार्गी लागली, तर जंगलाच्या बाजूने बोलणारी हजारो माणसे याच चार जिल्ह्यांत उभी राहतील.

देशाच्या जेमतेम पाच टक्के भूभागाला राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यासारखे संरक्षण आहे. त्यातून मिळणारे पाणी, वीज आणि वाघ सगळ्या राज्याचे आहेत. मग रात्री पिकाची राखण आणि गोठ्याची काळजी फक्त वेशीवरच्या गावाने का करायची, या प्रश्नाचे उत्तर सरकारला वाघिणीच्या रेडिओ कॉलरची बॅटरी संपण्याआधी शोधावे लागेल.